उमाठे दीदींच्या सात बंद मशिनी

उमाठे दीदींनी मला सलग चार वर्षं उल्लू बनवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले तर कोणाला वाटायला नको की ही बाई भोळी आहे. मी भोळी नाही. मी गणित शिकवते. दूधवाल्याने माप जरा आखडतं घेतलं तरी मला पातेल्यात बघून कळतं. आणि तरी दर मार्चमध्ये शाळेच्या सामानाची मोजणी करायला मी दीदींच्या लॅबमध्ये जायची, रजिस्टर उघडायची आणि स्वतःच्या हाताने लिहायची, 'संगणक नग दहा, चालू तीन, बंद सात.' त्या शेजारी बसून मला संत्र्याच्या फोडी सोलून द्यायच्या. मी खायची आणि सही करायची.

आमची शाळा पंडरीच्या कापडबाजाराच्या मागे. रायपुरातल्या जुन्या मराठी मंडळींनी काढलेली, मुलींची. संस्थेच्या सभा मराठीत, शिकवणं हिंदीत आणि मुलींची भांडणं छत्तीसगढीत, अशी व्यवस्था. उमाठे दीदी तिथे शिवणकाम शिकवायच्या. ठेंगण्या, गोल, चष्मा नेहमी कपाळावर, गळ्यात मोजायची टेप. ती टेप त्या घरी जातानाही काढत नसत. माणसांना त्या विषयाच्या नावाने हाक मारत. मी 'गणित'. संस्कृतचे सर 'द्विवचन'. मुख्याध्यापिका तिवारी मॅडम 'प्रशासन', अर्थात पाठीमागे. वर्गात कोणी उशिरा आली तर दीदी तिला रागवायच्या नाहीत, टेप काढून दारापासून बाकापर्यंतचं अंतर मोजायला लावायच्या आणि विचारायच्या, "अब बता, इतना चलने में बीस मिनट कैसे लगे?"

मग शिवणकाम बंद झालं. पालकांना कम्प्युटर हवा होता. मशिनी विकल्या गेल्या, पण त्यांची लोखंडी टेबलं कोणी घेईना, ती खालच्या, पायाने हलवायच्या पायटीसकट राहिली. त्याच सुमारास सिलतऱ्याच्या एका कारखान्याने आपल्या ऑफिसातले जुने कम्प्युटर काढले आणि दहा आम्हाला पाठवून दिले. त्यांना हार घातले, नारळ फोडला आणि त्याच शिवणाच्या टेबलांवर मांडलं. कम्प्युटरचे सर दोन महिने टिकले. त्यांना बंगलोरला नोकरी लागली आणि ते गेले ते गेलेच.

स्टाफरूममध्ये तिवारी मॅडम म्हणाल्या, "उमाठे जी, आपके पीरियड खाली हैं. आप मशीन चलाती थीं, यह भी मशीन ही है."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. दीदी मात्र गंभीरपणे विचारत्या झाल्या, "तेल किधर डालते हैं?"

त्यांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. परत आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"समोसे चांगले होते," दीदी म्हणाल्या. मग टेप सारखी करत, "वीस जणी होतो वं आम्ही, अन् वीस कम्प्युटर. जिची तिची मशीन, जिची तिची भिंत. पंधरा दिवस मी चुकत होती, कोणालेच दिसलं नाही. मलेही नाही दिसलं."

मला वाटलं, बाईला जमलं नाही म्हणून रडतेय. मी त्यांना धीरबीर दिला. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

सुरुवातीला दहाही मशिनी चालू होत्या. मग दसऱ्यानंतर एक बंद पडली. दिवाळीनंतर दोन. संक्रांतीपर्यंत सात. कोणाला नवल वाटलं नाही, जुनाच माल होता. मिस्त्री बोलावू का, असं ऑफिसने विचारलं तर दीदी म्हणाल्या, "पाहिल्या मी. जीव नाही त्यांच्यात." त्या सातही मशिनींवर त्यांनी पंडरीतून आणलेल्या फुलाफुलांच्या कापडाची झाकणं शिवून घातली. झालर लावून.

चाळीस मुली आणि तीन मशिनी. मला वाटलं, आता ही फळ्यावर माउसचं चित्र काढेल आणि मुली वहीत उतरवतील. एकदा माझा तास रिकामा होता म्हणून मी डोकावले. बाकं भिंतीला लावली होती आणि जमिनीवर मोठ्या चौकडीची पलंगाची चादर अंथरली होती. चौकडीच्या प्रत्येक घरात एकेक मुलगी, हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी. ओळीच्या टोकाला एक मुलगी उभी, तिच्या हातात कोरी पाटी.

"ये बेरीज है," दीदींनी मला ओळख करून दिली.

मग त्यांनी मधल्या एका मुलीची चिठ्ठी बदलली. टोकाची मुलगी पाटी पुसून नवी बेरीज लिहायला लागली. दुसरीची बदलली, पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी ती पोट्टी वैतागून म्हणाली, "दीदी, बार-बार काबर बदलत हव? मोला हर बार पोंछे ला पड़थे."

"बस्स," दीदी म्हणाल्या, "कम्प्युटर यही करता है. फरक इतना कि वो चिढ़ता नहीं."

मी पंधरा वर्षं गणित शिकवत होते. सूत्र बदलत नाही, आकडा बदलला की उत्तर बदलतं, हे समजावताना माझा घसा बसायचा. इथे ते एका पलंगाच्या चादरीवर झालं होतं. मला मत्सर वाटला. त्या मार्चमध्ये मी रजिस्टरमध्ये 'चादर, चौकडीची, नग एक' अशी नोंद केली तेव्हा ऑफिसातून चिठ्ठी आली की ही कम्प्युटर लॅब आहे की धर्मशाळा.

त्यांची पद्धत सरळ शिवणवर्गातून आली होती. तिथेही दहांपैकी धड चालणाऱ्या मशिनी चार आणि मुली चाळीस असायच्या. आधी खाकी कागदावर कटिंग, मग कच्ची शिलाई, मशीन सगळ्यात शेवटी. कम्प्युटरलाही तेच. जिच्या कागदावर काम तयार नाही तिने मशीनवर बसायचं नाही. बसलीस तर सहा मिनिटं, टेबलावर वाळूचं घड्याळ. तुझ्यामागे दोघी उभ्या. एक सांगणारी, एक चूक पकडणारी. चुकलं तर घाबरायचं नाही, उसवायचं. पडद्यावरचं काम मागे घेण्याला त्या मुली अजूनही उसवणंच म्हणतात. आणि पाय मात्र सगळ्यांचे खाली पायटीवर चालत असायचे. बाहेरून ऐकलं तर वाटावं, आत ब्लाउज शिवणं चालू आहे.

सगळ्यात कडक नियम सांगणारीसाठी होता. सदर बाजारातल्या सराफाची एक मुलगी होती, रिद्धी. घरी लॅपटॉप. तिला सगळं येत होतं आणि समोरचीला सहा सेकंद लागले की तिचा हात माउसवर झडप घालायचा. दीदींनी तिचे दोन्ही हात तिच्याच ओढणीत गुंडाळून ठेवायला लावले. "हाथ अंदर, मुंह बाहर," असा हुकूम. जे येतं ते तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी रिद्धी रडली. "वो वाला, अरे वो, उसके बाजू वाला," याच्यापुढे तिला जाताच येईना. आठवड्याभराने मात्र ती नीट सांगायला लागली, कारण नीट न सांगितलं की समोर नीट चुकत होतं.

तिच्या समोर बहुतेक वेळा खेमिन असायची. खेमिनचा बाप सिलतऱ्यात भट्टीवर होता. तिने कम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो आमच्याकडेच, झालरीच्या झाकणाखाली. ती इतकी हळू बोलायची की हजेरी घेताना मी तिला दोनदा गैरहजर लावलं होतं. तीन मशिनींवर, सहा-सहा मिनिटांत, ती पोट्टी आकड्यांचा असा सुंदर तक्ता करायला लागली की मी चाचणीच्या गुणांची यादी गुपचूप तिच्याकडून करून घेऊ लागले.

चौथ्या वर्षी भानगड झाली. संस्थेचे सचिव दिघेकर साहेब स्वतःला कम्प्युटरचे जाणकार समजत. रोज पहाटे सगळ्या स्टाफला फोनवर सूर्योदय पाठवत. त्यांनी ठरवलं की दहातल्या सात मशिनी मेल्यात तर ही लॅबच मोडीत काढू आणि विषय एका बाहेरच्या कंपनीला देऊ. कंपनी चकाचक लॅब आणणार, वेगळी फी लावणार. जिला फी झेपणार नाही तिने गृहविज्ञान घ्यावं. म्हणजे रिद्धीला कम्प्युटर आणि खेमिनला पाककला. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोट्ट्या खेमिनच्याच रांगेतल्या होत्या.

मोडीत काढायच्या फॉर्मवर माझी सही लागणार होती. त्या फॉर्मात एक रकाना होता, 'कोणते भाग गहाळ.' आता रकाना म्हटला की मी भरणारच. एका दुपारी मी पहिल्यांदा ती झालरीची झाकणं उचलली. मशिनी पुसलेल्या, स्वच्छ. मागे पाहिलं तर वायर नाही. दुसरीलाही नाही. सातांनाही नाही. सात मशिनी, सातांचं मरण सारखंच. संशय यायला एवढं पुष्कळ होतं. मी शिवणाच्या टेबलाचा तो बाजूचा उभट खण ओढला, ज्यात पूर्वी बॉबिन ठेवत. आत डांबरगोळ्या, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली वायर. वर कापडाची चिठ्ठी टाचलेली, 'नंबर चार.' मी ती लावली. मशीन घरघरली आणि सुरू झाली.

दीदी दारात उभ्या होत्या. हातात संत्रं.

"संत्रं नको," मी म्हणाले.

"नको खाऊ," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मी खूप बोलले. चार वर्षं माझ्या सह्या घेतल्या, माझं रजिस्टर खोटं केलं, मुलींना वाट पाहायला लावली, आणि वरून झालरी. त्यांनी सगळं ऐकलं.

"गणित, तू पहिल्या महिन्यात आली नव्हती इकडे," मग त्या म्हणाल्या. "दहा मशिनी होत्या, एकेकीवर चार पोट्ट्या. जिच्या घरी आहे ती चालवे, बाकी तिघी पाहत. मी एकीकडे पाहो तर नऊ मशिनी माझ्या पाठीमागे. खेमिनसारख्या पोट्ट्या महिनाभर बसून राहिल्या, बोटही नाही लागलं. मी प्रशासनले म्हटलं, मले तीनच द्या. तर म्हणे, दान आलेलं आहे, बंद कसं ठेवायचं, लोक काय म्हणतील. मग काय करू? मेल्या असं सांगितलं. मेलेल्याले कोणी काही विचारत नाही."

"पण आता तुमच्या त्या खोट्यानेच लॅब जातेय."

"तेच तर," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज खाली गेलेला ऐकू आला. "कापड मीच कापलं. तोकडं झालं तर आता कोणाले बोलू?"

पेच उघड होता. सात बंद लिहिलं तर खेमिनची पाककला. दहा चालू लिहिलं तर दीदी चार वर्षं खोटं बोलल्या हे कागदावर येणार, आणि त्यांना निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलं होतं. दिघेकर साहेब असल्या बाबतीत कोणाला सोडणारे नव्हते. मी म्हणाले, दोन दिवस थांबू, मिस्त्रीने दुरुस्त केल्या असं लिहू. मी, जिने आयुष्यात कधी उत्तर बघून गणित जुळवलं नाही, ती हे म्हणाले.

"काहून वं?" दीदी म्हणाल्या. "एक खोटं माझं आहे, ते राहू दे माझंच. तू खरं लिही. मी पाहतो साहेबाले."

मी लिहिलं. 'संगणक नग दहा, चालू दहा.' आणि खाली सही केली.

शनिवारी दिघेकर साहेब आले. मागे तिवारी मॅडम, चेहरा सुतकी.

"उमाठे बाई, तुम्ही चार वर्षं संस्थेशी खोटं बोललात," साहेब म्हणाले.

"हो, बोलली."

त्यांना बहुधा नकाराची सवय होती. ते जरा अडखळले. "का पण?"

"सांगून नाही समजणार, साहेब. एक पिरियड बसा. मग नोटीस द्या, मीच टाइप करून ठेवली आहे. फक्त तारीख घालायची आहे."

दीदींनी सातही वायरी लावल्या आणि चाळीस मुलींना दहा मशिनींवर बसवलं. काम दिलं, वर्गाची महिन्याची हजेरी घालून प्रत्येकीची टक्केवारी काढा. पंधरा मिनिटं झाली. दहा जणी चालवत होत्या, दहा जणी त्यांच्याकडे बघत होत्या, उरलेल्या वीस साहेबांच्या बुटांकडे बघत होत्या. खेमिन रिद्धीच्या मशीनवर चौथी, भिंतीला चिकटून.

"काम तर होतंय," साहेब म्हणाले.

दीदी प्रत्येक मशीनवरच्या चौथीला विचारत गेल्या, इस खाने में क्या लिखा है? दहातल्या एकीला सांगता आलं, आणि तीही अंदाजानेच.

मग त्यांनी सात वायरी उपटल्या. चादर अंथरली. मुली आपापल्या घरात जाऊन बसल्या आणि खोलीत एकदम कलकल सुरू झाली. कागद तयार झाले, रांगा लागल्या. खेमिन मशीनवर बसली. मागे रिद्धी, हात ओढणीत. पायटी हलायला लागली. आकडे पटापट पडले आणि शेवटी उत्तर आलं, हजेरी नऊ हजार सहाशे टक्के. चूक पकडणारी मागून ओरडली, "अतका तो हेडमास्टरिन घलो नइ आवय." म्हणजे, इतकं तर मुख्याध्यापिकाही येत नाहीत. तिवारी मॅडमना छत्तीसगढी उत्तम कळते. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

आता दिघेकर साहेबांना राहवेना. जाणकार माणूस, समोर चूक, आणि हात रिकामे. ते वाकले आणि त्यांनी थेट माउसला हात घातला. "अरे, इधर, ये वाला दबाओ..."

"हाथ अंदर, मुंह बाहर," खेमिन म्हणाली. पडद्यावरची नजर न काढता, सवयीने, चांगल्या खणखणीत आवाजात.

मग तिने वळून पाहिलं आणि कोण आहे ते तिला दिसलं. पायटी थांबली. चाळीस मुलींपैकी एकही हलली नाही. उमाठे दीदी छताकडे बघत पंखा मोजत होत्या, पंखा एकच होता.

साहेबांचा हात हवेत राहिला होता. त्यांच्याकडे ओढणी नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही हात हळूच पँटच्या खिशात घातले.

"ऊपर से तीसरा खाना," ते म्हणाले.

खेमिनने पाहिलं. "सर, तीसरा नहीं है," ती हळूच म्हणाली. "चौथा है. मैंने सौ से दो बार गुणा कर दिया था." आणि तिने उसवलं.

साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चौथंच होतं. मग ते मला म्हणाले, "ही मुलगी कोणाची?" मी सांगितलं. त्या कंपनीची फाइल पुढच्या सभेत आली नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही.

दीदींना नोटीस मात्र मिळाली, त्यांच्याच हातची टाइप केलेली. खुलाशात त्यांनी लिहिलं, 'मशिनी बंद नव्हत्या, मी बंद ठेवल्या. चूक कबूल. यापुढे विचारून बंद ठेवीन.' लॅबची किल्ली काढून घेऊन माझ्याकडे देण्यात आली. त्यांनी ती मला दिली तेव्हा बोटांनी एकदा चोळली आणि मग पटकन संत्रं काढलं. मला फार वाईट वाटलं, तसं मी त्यांना सांगितलंही. "रडू नको वं," त्या म्हणाल्या, "शिकवायचं तर मीच आहे ना. तू फक्त कुलूप." मी पदाच्या उत्साहात आठ दिवस दहाही मशिनी चालू ठेवून पाहिल्या. नवव्या दिवशी तिवारी मॅडमची लेखी परवानगी घेतली आणि सात वायरी खणात ठेवल्या. डांबरगोळ्या नव्या घातल्या.

दीदी निवृत्त झाल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात मी एका दाखल्यासाठी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चॉइस सेंटरवर गेले. सरकारी कागद काढून देतात ते दुकान. एक कम्प्युटर आणि तीस माणसं, म्हणजे एरवी तिथे नुसता गोंधळ असतो. त्या दिवशी रांग सरळ होती. प्रत्येकाच्या हातात फॉर्म, भरलेला. मला शंका आली आणि पुढे पाहिलं तर गळ्यात टेप घालून उमाठे दीदी एका म्हाताऱ्याला सांगत होत्या, "कागज तैयार नहीं तो मशीन पर नहीं, भैया." त्या स्वतः पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आल्या होत्या. कम्प्युटरपुढे खेमिन बसली होती. दुकान तीच चालवते.

दीदींचा नंबर आला. खेमिन भराभर माहिती भरत होती. दीदींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात पुढे गेला. "अगं तिकडे नाही, इकडे..."

"दीदी, हाथ," खेमिन म्हणाली.

रांगेतले लोक बघायला लागले. दीदींनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी मुकाट्याने दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि तोंडाने सांगायला सुरुवात केली. सांगत होत्या ते चूक होतं. खेमिनने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, बरोबर ते भरलं.

"अब हाथ बाहर, दीदी," ती म्हणाली. "अंगूठा."

दीदींनी अंगठा काचेवर ठेवला. जन्मभर सुई टोचून झिजलेला अंगठा, मशीनने दोनदा नाकारला. तिसऱ्या वेळी खेमिनने तो आपल्या ओढणीने पुसला, आपल्या हाताने धरला आणि दाबून ठेवला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. हिरवी खूण आली.

"हव दीदी, हो गे," खेमिन म्हणाली आणि त्यांचा हात लगेच सोडला नाही.

मला सवयीने रजिस्टर आठवलं. उमाठे दीदी, नग एक, चालू.